परक्या हातांनीं मांडलेला संसार



राज्य मिळविणें आणि राज्य चालविणें या दोन गोष्टींवर आजवर उदंड ग्रंथ लिहिले गेले. परंतु चालतें राज्य दुसऱ्याच्या स्वाधीन करून आपण बाजूस होणें, ही तिसरी गोष्ट मात्र बरीचशी उपेक्षित राहिली आहे. आणि माझ्या मतें ती पहिल्या दोहोंहून अवघड. आज मी आपणांपुढें जी हकीकत मांडणार आहें ती अशा एका देशाची आहे, कीं जेथें संयुक्त राष्ट्रसंघानें सुमारें अडीच वर्षें स्वतः राज्य केलें. त्यानें कायदे केले, कर बसविले, न्यायाधीश नेमले, चलन ठरविलें; आणि मग लोकशाहीचा कारभार तेथील लोकांच्या हातीं देऊन आपलें निशाण उतरविलें. तो देश म्हणजे पूर्व तिमोर.

सुमात्रा, जावा, बाली अशी बेटांची जी माळ नकाशावर पूर्वेकडे ओघळत गेलेली दिसते, तिच्या शेवटाकडे, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस, तिमोर नांवाचें एक लांबट बेट आहे. त्याचा पूर्वेकडील अर्धा भाग आणि पश्चिम भागांत अडकून राहिलेला ओएकुसी नांवाचा एक सुटा तुकडा मिळून हा देश झाला आहे. क्षेत्रफळ आपल्या नाशिक जिल्ह्याहून किंचित् कमी. १९९९ सालची वस्ती आठ लक्षांच्या आसपास. गोमंतकीय श्रोत्यांस कदाचित् नवल वाटेल, पण १८४४ पर्यंत पोर्तुगीजांचा हा तिमोर गोव्याच्या सत्तेखालीं मोडत असे. त्या वर्षीं तो मकावला जोडण्यांत आला. पोर्तुगीज भाषेचा प्रश्न पुढें या कथेंत येणार आहे, म्हणून हा संबंध आतांच सांगून ठेवतों.

१९७५ च्या नोव्हेंबरांत तिमोरी पुढाऱ्यांनीं स्वातंत्र्य पुकारलें. नऊ दिवसांनीं, ७ डिसेंबरला, इंडोनेशियाचें सैन्य उतरलें. त्यानंतरचीं चोवीस वर्षें जुलमाचीं, दुष्काळाचीं आणि डोंगरांतल्या लढ्याचीं गेलीं. १९९८ च्या मे महिन्यांत जकार्तांत सुहार्तो पदच्युत झाले आणि त्यांच्यामागून आलेल्या हबीबी यांनीं तिमोरी जनतेचा कौल घेण्यास मान्यता दिली. ३० ऑगस्ट १९९९ रोजीं मतदान झालें. नोंदलेल्या मतदारांपैकीं शेंकडा अठ्ठ्याण्णवांहून अधिक लोकांनीं मत दिलें, आणि त्यांतील शेंकडा ७८.५ लोकांनीं इंडोनेशियाच्या छत्राखालील स्वायत्तता नाकारली. मीं स्वतः शाळामास्तर या नात्यानें कित्येक निवडणुकांत मतदान-केंद्रावर काम केलें आहे. शेंकडा साठ झालें तरी आम्ही समाधानानें पेट्या बंद करीत असूं. धमक्यांना न जुमानतां पहाटेपासून रांगेंत उभी राहणारीं माणसें कशी असतील याची कल्पना मला त्यामुळेंच थोडीबहुत करतां येते.

त्या मतदानाची किंमत त्यांनीं लगेच मोजली. निकाल जाहीर होतांच इंडोनेशियन सैन्याच्या आश्रयानें वाढलेल्या टोळ्यांनीं देशभर जाळपोळ केली. हजारांहून अधिक माणसें मारलीं गेलीं, सुमारें अडीच लक्ष लोक पश्चिम तिमोरांत हांकलले गेले किंवा पळून गेले, आणि देशांतील बहुसंख्य इमारती राख झाल्या. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालीं शांतिसेना उतरली तेव्हां दिली या राजधानींत कचेऱ्या नव्हत्या, दप्तरें नव्हतीं, आणि दप्तरें वाचणारे अधिकारीहि नव्हते. वरच्या जागांवर बहुतेक इंडोनेशियनच होते. ते निघून गेले. माध्यमिक शाळांतील बहुसंख्य शिक्षकहि त्यांच्याबरोबर गेले. घर जळालें तर तें पुन्हां बांधतां येतें. परंतु गणित शिकविणारा माणूस एका पावसाळ्यांत उगवत नाहीं.

या स्थितींत २५ ऑक्टोबर १९९९ रोजीं सुरक्षा समितीनें ठराव करून राष्ट्रसंघाच्या शासनाची स्थापना केली. त्याचे प्रमुख होते सर्जिओ व्हिएरा द मेलो, हे ब्राझीलचे गृहस्थ. बुद्धिमान, कष्टाळू आणि पोर्तुगीज ही ज्यांची मातृभाषा. (हेच पुढें २००३ सालीं बगदाद येथें बाँबस्फोटांत मृत्युमुखीं पडले.) त्यांच्या पहिल्याच कायद्यानें देशांतील विधिमंडळाचे, शासनाचे आणि न्यायव्यवस्था चालविण्याचे सर्व अधिकार एकट्या त्यांच्या ठायीं एकवटले. लोकशाही शिकविण्यास आलेल्या शासनाचा आरंभ असा झाला. यांत त्यांचा दोष मी काढीत नाहीं. समोर कोणी निवडून आलेलें नव्हतें, आणि पोलिसांपासून पोस्टापर्यंत सर्व कांहीं उद्यां सकाळीं सुरू व्हावयास हवें होतें. परंतु ज्या लोकांनीं चोवीस वर्षें लढून आणि नुकतेंच मत देऊन आपला निर्णय सांगितला होता, त्यांच्या पुढाऱ्यांना पंधराजणांच्या एका सल्लागार समितींत बसविण्यांत आलें. झनाना गुझ्माँव हे प्रतिकाराचे नेते. जकार्ताच्या कैदेंतून सुटून आलेले. त्यांनाहि परकीयांनीं तयार केलेले मसुदे वाचून मान डोलवावी किंवा न डोलवावी, एवढेंच उरलें.

आतां पैशाची बाजू पाहूं, कारण खरा गुंता तेथेंच आहे. डिसेंबर १९९९ मध्यें टोकिओ येथें साहाय्यक राष्ट्रांची परिषद भरली, आणि बावन्न कोटी डॉलरांहून अधिक मदतीचीं अभिवचनें मिळालीं. इतक्या लहान देशास ही रक्कम थोडी नव्हे. पण पैसा एका थैलींतून येत नव्हता. पहिली थैली राष्ट्रसंघाच्या मोहिमेची. सैनिक, पोलीस, परदेशी अधिकारी, त्यांचीं वेतनें, त्यांच्या मोटारी यांचा खर्च तींतून चाले. पण एखाद्या तिमोरी कचेरीवर छप्पर घालावयाचें म्हटलें तर त्या थैलीचे नियम आड येत. दुसरी थैली जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांच्या हातीं; शाळा, दवाखाने, रस्ते, शेती यांची पुनर्बांधणी तींतून व्हावयाची. तिसरी थैली नव्या तिमोरी कारभाराची. कारकुनांचे, परिचारिकांचे, शिक्षकांचे पगार तींतून. पहिलीच्या मानानें ही अगदींच लहान. याशिवाय निरनिराळीं राष्ट्रें परस्पर देत तें वेगळेंच, आणि परोपकारी संस्थांची तर गणतीच नाहीं.

प्रत्येक थैलीचा हिशेब निराळा, वर्ष निराळें, नमुना निराळा. मी ज्या शाळेंत होतों तेथें एकाच पटावरील मुलांचे आंकडे आम्ही तीन खात्यांस तीन नमुन्यांवर, तीन निराळ्या तारखांचे देत असूं. मुलें तींच आणि बांकहि तेच. पण तिन्ही उत्तरें कधीं जुळलीं नाहींत, आणि न जुळल्याबद्दलचा खुलासा चौथ्या कागदावर मागितला जाई. एका शाळेची ही गत, तर जळून गेलेल्या देशाची काय झाली असेल? दिली येथें मेळ घालण्यासाठीं सभा भरत, त्या बव्हंशीं इंग्रजींत. देणाऱ्यांचे आपसांत जमत असेहि. घेणारा मात्र त्या टेबलाशीं पाहुण्यासारखा बसे. बंदरांत एक तरंगतें हॉटेल आणून उभें केलें होतें. परदेशी अधिकारी तेथें राहत, आणि किनाऱ्यावर जळक्या भिंतींच्या आडोशानें राहणारे लोक रात्रीं त्याचे दिवे पाहत. २००० च्या आरंभीं दिलींत नोकऱ्यांसाठीं अर्ज घ्यावयाचे ठरलें तेव्हां हजारों तरुण लोटले आणि दंगल उसळली.

या गुंत्याचें सर्वांत बोलकें उदाहरण खेड्यांतलें आहे, आणि त्यावर मी जरा थांबणार आहें.

जागतिक बँकेच्या लोकांनीं एक योजना आखली. पुनर्बांधणीचा पैसा दिलीच्या कचेऱ्यांतून न झिरपवितां थेट गांवाला द्यावा. गांवानें त्यासाठीं एक मंडळ निवडावें. त्यांत प्रत्येक वाडीची एक स्त्री व एक पुरुष असावा. आणि विहीर आधीं कीं शाळा आधीं हें त्या मंडळानें ठरवावें. ऐकावयास किती सुंदर! परंतु राष्ट्रसंघाच्या शासनास ती प्रथम रुचली नाहीं. तेराहि जिल्ह्यांत त्यानें आपले परदेशी प्रशासक नेमावयास घेतले होते. त्यांना बगल देऊन खेड्यांत दुसरी सत्ता उभी राहिली तर काय, ही शंका. शिवाय गांवचा कारभार कसा असावा हा राजकीय प्रश्न, तो कर्ज-अनुदानाच्या योजनेंत कसा सोडवावा? दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. तिमोरी पुढाऱ्यांनीं योजनेच्या बाजूनें कौल दिला, आणि कांहीं महिन्यांच्या ओढाताणीनंतर फेब्रुवारी २००० मध्यें सह्या झाल्या.

मंडळें निवडलीं गेलीं. स्त्रिया निम्म्या बसल्या, ही गोष्ट त्या समाजांत लहान नव्हती. पण या साऱ्या वादांत एक माणूस कोणींच विचारांत घेतला नाहीं, आणि तो म्हणजे गांवचा मुखिया. जुन्या सरंजामी वळणाचा म्हणून त्याला मंडळाबाहेर ठेवण्याचा नियम झाला. आतां तिमोरी खेड्यांत जमिनीचा तंटा कोणी मिटवावा, लग्नाची देवघेव कोणी ठरवावी, शत्रूकडून परत आलेल्या शेजाऱ्याला गांवांत कोणी घ्यावें, हें सर्व त्या घराण्यांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या मतानें चालत आलेलें. त्यांतच प्रतिकाराच्या काळांत गुप्तपणें विणलेलें गांवोगांवचें जाळें होतें. त्याचे कार्यकर्तेहि आपणांस गांवचे कारभारीच समजत. म्हणजे एका गांवांत मुखिया, प्रतिकाराचा कार्यकर्ता, बँकेचें मंडळ, आणि वर जिल्ह्याचा परदेशी प्रशासक, अशा चार सत्ता झाल्या. लोकांनीं त्यावर आपल्या परीनें तोड काढली. बँकेचा पैसा खर्च करणारें तें मंडळ, तेवढ्यापुरतें तें खरें. बाकी सर्व मुखियाकडे. पैसा संपला तेव्हां बहुतेक ठिकाणीं मंडळेंहि ओसरलीं. त्यांना वाईट म्हणून कोणीं मोडलीं नाहींत. तीं आपलीं आहेत असें गांवाला वाटलेंच नव्हतें.

अशीच गोष्ट नागरिक-शिक्षणाची. निवडणूक येणार, तेव्हां लोकांना मतपत्रिका, पक्ष, घटना हें सर्व समजावून सांगितलें पाहिजे. हें कोण नाकारील? परंतु शासनानें आखलेल्या मूळच्या योजनेंत ठरविणारे परदेशी आणि राबविणारे तिमोरी असा प्रकार होता. तेथील संस्थांनीं २००१ च्या आरंभीं तींत भाग घेण्याचें स्पष्ट नाकारलें. मला ही घटना सगळ्या हकीकतींत फार मोलाची वाटते. लोकशाहीचा धडा लोकांनीं वर्ग भरण्यापूर्वींच म्हणून दाखविला! योजना फिरवावी लागली, आणि तिमोरी सभासदांना तींत निर्णयाचा वांटा मिळाला.

द मेलो यांनाहि ही चूक उमगली होती, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. जुलै २००० मध्यें त्यांनीं मंत्रिमंडळ बनविलें, त्यांत चार तिमोरी व चार परदेशी. त्याच वर्षाच्या अखेरीस पंधराजणांच्या समितीच्या जागीं छत्तीस तिमोरी सभासदांचें राष्ट्रीय मंडळ आलें. त्यानंतरचीं कामें पाहा. २००१ च्या उन्हाळ्यापर्यंत सात लक्षांहून अधिक रहिवाशांची नोंदणी झाली. जुनीं दप्तरें जळून गेलेल्या देशांत ही नोंदणी म्हणजेच राज्याचा पाया. सोळांपैकीं चौदा पक्षांनीं निकाल मान्य करण्याच्या व शांतता राखण्याच्या करारावर सह्या केल्या. आणि ३० ऑगस्ट २००१ रोजीं, जाळपोळीच्या आधींच्या त्या मतदानाच्या बरोबर दुसऱ्या वाढदिवशीं, घटनासमितीसाठीं शेंकडा ९१ मतदारांनीं शांतपणें मत दिलें. अठ्ठ्याऐंशी जागांपैकीं पंचावन्न फ्रेटिलिन पक्षाला मिळाल्या. स्त्रियांसाठीं राखीव जागांची मागणी राष्ट्रीय मंडळानें फेटाळली होती, तरीहि निवडून आलेल्यांत एकचतुर्थांशाहून अधिक स्त्रिया होत्या.

घटनेबाबत मात्र मला एक खंत नमूद करावीशी वाटते. निवडणुकीपूर्वीं देशभर दोनशेंहून अधिक सभा घेऊन सुमारें अडतीस हजार लोकांचीं मतें ऐकण्यांत आलीं. डोंगर उतरून आलेल्या म्हाताऱ्यांनीं, विधवांनीं आपलें म्हणणें सांगितलें. त्याचे अहवाल बांधले गेले. घटनासमितीनें मात्र त्या अहवालांकडे फारसें वळून पाहिलें नाहीं. बहुमतवाल्या पक्षाचा मसुदा तयारच होता. येथें दोष परकीयांचा नव्हे. विचारण्याची योजना एकाची आणि ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याचा, आणि दोहोंमध्यें पूल बांधण्याचें काम कोणाकडेंच नाहीं, असें झालें म्हणजे लोकांचे शब्द कपाटांत जातात.

२२ मार्च २००२ रोजीं घटना मंजूर झाली. एप्रिलमध्यें अध्यक्षाची निवड झाली. गुझ्माँव निवडून येणार याविषयीं शंका नव्हती. पण निवडणूक म्हटली कीं दुसरा उमेदवार हवा, म्हणून १९७५ च्या त्या नऊ दिवसांच्या स्वातंत्र्याचे अध्यक्ष, वृद्ध झेवियर दो अमराल, उभे राहिले. हरणार हें ठाऊक असून उभें राहणें, हीहि एक शिकवणच. २० मे २००२ च्या मध्यरात्रीं कोफी अन्नान यांच्या उपस्थितींत देश स्वतंत्र झाला.

आतां भाषेकडे येतों. घटनेनें पोर्तुगीज व तेतुम या राजभाषा ठरविल्या, आणि इंडोनेशियन व इंग्रजी यांना कामकाजापुरती मुभा दिली. पुढाऱ्यांची पिढी पोर्तुगीज शाळांत शिकलेली, तरुणांची पिढी इंडोनेशियन शाळांत, गांव बोलतें तेतुम किंवा आणखी डझनभर बोली, आणि मदतीचे कागद इंग्रजींत. गोव्यांत १९६१ नंतर जुने वकील आणि नवे कायदे यांची जी ओढाताण झाली ती ज्यांना आठवते, त्यांना याची थोडी कल्पना येईल. सर्वांत कठीण परिणाम न्यायदानावर झाला. २००० च्या जानेवारींत ज्या तिमोरी पदवीधरांना न्यायासनावर बसविलें त्यांतल्या कोणासहि पूर्वीं न्यायाधीश म्हणून अनुभव नव्हता. पांच वर्षें त्यांनीं काम केलें. मग त्यांची परीक्षा घेण्यांत आली, आणि जानेवारी २००५ मध्यें निकाल लागला: सर्व नापास. न्यायासनें परदेशी न्यायाधीशांकडे गेलीं, आणि हे विद्यार्थी होऊन पुन्हां वर्गांत बसले.

चाळीस वर्षें उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला असा निकाल पाहून पहिला प्रश्न विद्यार्थ्यांविषयीं पडत नाहीं. एक नापास झाला तर त्यानें अभ्यास केला नाहीं म्हणावें. सगळा वर्ग नापास झाला तर वेळापत्रक मागवून पाहावें. या न्यायाधीशांना पांच वर्षांत निरनिराळ्या देशांच्या मार्गदर्शकांनीं, निरनिराळ्या कायदेपद्धतींतून आणि निरनिराळ्या भाषांतून थोडें थोडें शिकविलें होतें. स्वातंत्र्यानंतरहि शंभर सल्लागार महत्त्वाच्या जागांवर ठेवण्यांत आले होते. त्यांतल्या अनेकांनीं तिमोरी सहकाऱ्यास शिकविण्याऐवजीं काम स्वतःच उरकलें. कारण काम उरकलें तर अहवालांत दिसतें, शिकविलेलें दिसत नाहीं.

२००६ सालीं हें सारें कसोटीस लागलें. सैन्यांतून सुमारें सहाशें शिपाई बडतर्फ झाले, सैन्य व पोलीस एकमेकांवर चालून गेले, दिली पुन्हां पेटली, आणि दीड लक्षांच्या आसपास लोक घरेंदारें सोडून छावण्यांत गेले. पंतप्रधान अल्कातिरी यांनीं जूनमध्यें राजीनामा दिला. पोलीस-दल राष्ट्रसंघानें उभारलें, सैन्य दुसऱ्या हातांनीं, आणि दोहोंचा मेळ बसविणें कोणाच्याच यादींत नव्हतें, हें कारण एकमेव नसलें तरी लहानहि नव्हतें. राष्ट्रसंघाला परत यावें लागलें. पण २००७ सालच्या निवडणुका चालविल्या त्या तिमोरी अधिकाऱ्यांनीं, २०१२ च्याहि. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशीं राष्ट्रसंघाची मोहीम कायमची उठली.

शेवटीं एक गोष्ट सांगून मी आपली रजा घेतों. एप्रिल २०१० मध्यें दिली येथेंच एक परिषद भरली. यजमान तिमोरी सरकार. आलेले देश युद्धांतून आणि बंडाळींतून नुकतेच बाहेर पडलेले. तेथें त्यांनीं आपला एक संघ स्थापिला, जी-सात-अधिक या नांवाचा. त्यांची मागणी अशी, कीं आमच्या देशाची योजना एक असावी, ती आम्हीं ठरवावी, आणि मदत करणाऱ्यांनीं आपापल्या योजना तिच्याभोंवतीं बसवाव्या. पुढच्या वर्षीं दक्षिण कोरियांतील बुसान येथें साहाय्यक राष्ट्रांनीं ही गोष्ट लेखी मान्य केली. त्या संघाची कचेरी दिलींत आली. त्याच सुमारास तिमोरच्या अर्थखात्यानें एक जाहीर नोंदवही उघडली; कोणतें राष्ट्र, कोणत्या कामासाठीं, कोणत्या जिल्ह्यांत किती पैसा देतें, हें तींत कोणासहि पाहतां यावें अशी. १९९९ सालीं टोकिओच्या परिषदेंत हा हिशेब देणाऱ्यांच्या दप्तरांत होता. आतां तो दिलींतले कारकून लिहूं लागले.